थारला लिफ्ट केली तरी टायर घासतोय? कापाकापी की स्पेसर

लिफ्ट किट (गाडीची बॉडी उंच करणारे सुटे भाग) टाकलं की टायर घासणार नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण लिफ्टने फक्त वरची जागा वाढते, फुल स्टिअरिंग वळवल्यावर पुढेमागे जे घासतं ते तसंच राहतं. थारचा १८ इंची स्टॉक (कंपनीचा) टायर २५५/६५, त्याजागी २८५/७० आर१७ टाकला की उंची साधारण ४२ मिमी आणि रुंदी ३० मिमी वाढते.

आता आधी घासल्याची खूण कुठेय ते बघा. टायर आतल्या बाजूला चॅसी किंवा सस्पेन्शनच्या आर्मला लागत असेल तर स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी चकती (किंवा कमी ऑफसेटची अलॉय, म्हणजे चाक थोडं बाहेर ठेवणारी रिम, मला तर तीच बरी वाटते) कामाची. पण चाक बाहेर सरकलं की वळताना त्याचा घेर वाढतो, म्हणजे आतलं थांबतं आणि बंपरचा कोपरा घासायला लागतो, शिवाय बेअरिंगवर लोड वाढतो तो वेगळाच.

खूण लायनरवर (चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिकचं आवरण) किंवा बंपरवर असेल तर सरळ ट्रिमिंग करा, हीट गनने लायनर मागे दाबा, उरलेलं कापा. स्वस्त आहे, फक्त कापलेलं परत जोडता येत नाही आणि चिखल आत उडतो.

चाकांची अलाइनमेंट मात्र आधी करून घ्या.