मॅग्नेशियम शीट (एझेड31 अलॉय म्हणजे मिश्रधातू, 1 मिमी): माल चांगला, पण याचा स्टोव्ह करू नका

मालाबद्दल तक्रार नाही. शीट कुठे वाकलेली नाही, कडा साफ आणि उचलल्यावर धातू वाटतच नाही इतकी हलकी. घनता 1.74 च्या आसपास, ॲल्युमिनियमची 2.7 आणि टायटॅनियमची साडेचार, म्हणजे सॅकचं वजन कमी करायच्या मागे लागलेल्या ट्रेकर मंडळींना मोह होणारच. मी सॅकच्या पाठीच्या फ्रेमसाठी घेतली, त्या कामाला एक नंबर.

राग आहे तो विकणाऱ्याने खाली जे लिहिलंय त्यावर, म्हणे घरी कॅम्पिंग स्टोव्ह आणि विंडस्क्रीन (स्टोव्हभोवती वारा अडवायला लावतात तो पत्रा) बनवायला बेस्ट. अहो, शुद्ध मॅग्नेशियम 650 डिग्रीला वितळतं, हे अलॉय त्याच्याही आधी, आणि गॅसची ज्योत त्याच्या कितीतरी वर जाते. जाड तुकडा चटकन पेटत नाही हे खरंय कारण उष्णता सगळीकडे पसरते, पण पातळ पट्टी, धारदार कड आणि कापताना पडणारा कीस यांचा भरवसा नाही. कानशीने घासलेला चिमूटभर कीस मी अंगणात कोरड्या विटेवर ठेवून लांबून पेटवून बघितला, दोन क्षण काहीच नाही आणि मग एकदम वेल्डिंगसारखा पांढरा उजेड, डोळे फिरवावेच लागले. मागे उरली पांढरी भुकटी.

आणि एवढ्या चिमटीने हे, तर टेंटच्या तोंडाशी अख्खा विंडस्क्रीन पेटला तर? माणूस आधी पाण्याची बाटलीच ओतणार, आणि तिथेच घात होतो, कारण जळत्या मॅग्नेशियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो आणि आग आणखी भडकते. कार्बन डायऑक्साइडचं सिलेंडरही चालत नाही, त्यातसुद्धा हे जळत राहतं. 1955 च्या फ्रान्समधल्या ल माँ कार रेसमध्ये मर्सिडीजची मॅग्नेशियम अलॉयची बॉडी पेटली होती तेव्हा पाणी मारून आग वाढलीच होती. लागते ती कोरडी वाळू किंवा क्लास डी चं, म्हणजे धातूच्या आगीसाठीचं एक्स्टिंग्विशर, आता भर पावसाळ्यात राजमाचीवर कोरडी वाळू कुठून आणणार सांगा.

फ्रेमसाठी घेणार असाल तर पत्र्याच्या कात्रीने कापा, ग्राइंडर लावू नका, त्यातून लोखंड कापलेलं असेल तर अजिबातच नको, ठिणगी आणि कीस एकाच जागी येतात. कीस लगेच गोळा करून कोरड्या डब्यात ठेवा. स्टोव्ह आणि भांड्यांसाठी सरळ टायटॅनियम किंवा स्टील घ्या, थोडं वजन वाढलं तर वाढू दे.

पाचपैकी तीन स्टार. विक्रेत्याने ती स्टोव्हची ओळ आजच काढावी, मी रेटिंग लगेच वाढवेन.