वाशिष्ठीच्या पाण्यात सोळा फुटी फायबरची होडी : काही पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

चिपळूणच्या खाली, गोवळकोटापासून दाभोळच्या मुखापर्यंत वाशिष्ठी नदी भरती-ओहोटीच्या ताब्यात असते. या पट्ट्यात घरच्या वापरासाठी लहान होडी घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. मी वापरत असलेली होडी फायबरची आहे. तिची लांबी सोळा फूट, रुंदी साधारण पाच फूट आणि तळ बराचसा सपाट आहे. मागे ९.९ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. होडी किनाऱ्यावरच्या एका छोट्या कारखान्यात सांगून बनवून घेतली आणि इंजिन वेगळे विकत घेतले. तेव्हापासून तिने अनेक पावसाळे पाहिले असल्यामुळे आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येईल, असे वाटते.

लाकडी होडीपेक्षा फायबरची होडी घेण्याचा निर्णय योग्यच ठरला. लाकडी होडी दिसायला देखणी असते आणि लाटेवर तिचा तोलही चांगला राहतो. परंतु दरवर्षी तिच्या फळ्यांचे सांधे तपासून त्यांत कापूस आणि राळ भरणे, उंडीचे किंवा माशाचे तेल चोळणे आणि खाऱ्या पाण्यातील किड्यांपासून लाकूड वाचवणे ही कामे जाणणारे कारागीर आता फारसे उरलेले नाहीत. फायबरला हे काही लागत नाही. सपाट तळामुळे ही होडी इतक्या उथळ पाण्यात तरंगते की ओहोटीच्या वेळीही तिवरांच्या मुळांजवळून ती आत नेता येते, आणि दोन माणसे उभी राहून जाळे ओढू लागली तरी तिचा तोल जात नाही. नदीसाठी यापेक्षा योग्य घडण शोधूनही सापडणार नाही.

हाच सपाट तळ दाभोळच्या बाजूला त्रास देतो. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा खाडीत शिरतो आणि त्याच वेळी ओहोटीचे पाणी समुद्राकडे निघालेले असेल, तर वारा आणि प्रवाह समोरासमोर येऊन आखूड, उभट लाटा उठतात. प्रत्येक लाटेवर होडीचा तळ आपटतो, पुढे बसलेला माणूस भिजतो आणि त्याच्या पाठीच्या मणक्यांना दणके बसतात. दाभोळ-धोपावे मार्गावर वाहने नेणारी फेरीबोट जवळून गेली, तर तिच्या मागच्या लाटाही तिरप्या अंगावर घ्याव्या लागतात. त्या आडव्या आल्या तर पाणी होडीत येते. अंजनवेलच्या पुढे, मोकळ्या समुद्राच्या तोंडाशी ही होडी मी नेत नाही आणि कोणी नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

होडीची सगळी दिनचर्या पाण्याच्या वेळांवर ठरते, हे नव्या मालकाने आधीच जाणून घ्यावे. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात : अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब मुखाजवळचा आणि ढोबळ आहे. नदीत जितके आत यावे तितकी भरती उशिरा पोहोचते, हे प्रत्येकाने आपल्या घाटावर काही महिने पाहून ठरवावे. वाशिष्ठीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कोयना प्रकल्पाच्या वीजगृहांतून बाहेर पडणारे पाणी या नदीत येते. त्यामुळे चिपळूणजवळ ती भर उन्हाळ्यातही वाहती असते, पण वीजनिर्मिती वाढली किंवा घटली की तिची पातळी आणि ओढ पंचांगाला न विचारता बदलते. घाटावर होडी बांधताना दोर आखूड ठेवला तर पाणी उतरल्यावर होडी दोरावर लटकते, आणि फार सैल ठेवला तर ती शेजारच्या दगडांवर जाऊन बसते. पुढच्या बाजूने एक आणि मागच्या बाजूने नांगराला एक अशा दोन दोरांनी तिला प्रवाहाच्या रेषेत धरणे हाच सुरक्षित उपाय आहे.

आमच्या घाटावर होडी रोज दोनदा चिखलात बसते. चिखल मऊ असला तरी त्यात कालवांच्या धारदार शिंपा असतात आणि त्या तळावरचा गुळगुळीत थर हळूहळू खरवडतात. हा थर एकदा निघाला की आतल्या काचेच्या धाग्यांत पाणी मुरू लागते. दुरुस्ती मात्र सोपी आणि घरी करण्याजोगी आहे. होडी उलटी करून ती जागा कडक उन्हात पूर्ण सुकू द्यावी, पॉलिश पेपरने घासून खरबरीत करावी आणि मग मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचा, तुकडा रेझिन या सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून बसवावा. रेझिन घट्ट करणारा हार्डनर उन्हाळ्यात कमी घालावा, अन्यथा ब्रश फिरवण्याआधीच भांड्यातले रेझिन दगडासारखे घट्ट होते. ओलसर जागेवर केलेले ठिगळ पुढच्याच मोसमात सुटते, म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यांतच उरकावे.

होडीचा खरा दोष तिच्या मागच्या आडव्या फळीत निघाला, जिच्यावर इंजिन अडकवलेले असते. बाहेरून सगळे फायबर दिसत असले तरी या फळीच्या आत ताकदीसाठी लाकूड घातलेले असते. इंजिन बसवण्यासाठी पाडलेल्या भोकांच्या कडा कारखान्यात नीट बंद केलेल्या नव्हत्या. तिथून पाणी आत गेले आणि लाकूड कुजू लागले. लाकडी हातोडीने ठोकून पाहिल्यावर वरच्या भागाचा आवाज टणक येत होता आणि भोकांच्या खाली तो एकदम बद्द येत होता. एका बोल्टभोवती तर तपकिरी पाण्याचा ओघळही दिसू लागला होता. फळी उघडून आतले लाकूड बदलण्याचा खर्च फार नव्हता, पण मोसमाचे ऐन दिवस त्यात गेले. सांगून बनवून घेतलेल्या वस्तूत ही हयगय अक्षम्य आहे. नवी होडी ताब्यात घेण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट काढायला लावून भोकाच्या आतल्या भिंतीला रेझिन लागलेले आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

इंजिनाची किंमत माझ्या बाबतीत होडीपेक्षा जास्त होती आणि देखभालीचा मोठा वाटाही तेच घेते. त्याच्या पाण्याच्या पंपात रबरी पात्यांचे एक छोटे चाक असते. ते नदीचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवते आणि वापरलेले पाणी मागून बारीक धारेने बाहेर पडते. चालू इंजिनाची ही धार दर काही मिनिटांनी पाहण्याची सवय लावून घेतलीच पाहिजे. गाळमिश्रित पाण्यात ही पाती लवकर झिजतात. धार बारीक झाली किंवा बाहेर येणारे पाणी कढत लागले की इंजिन तत्काळ बंद करावे. रबरी चाक स्वस्त असते आणि ते मोसमाच्या सुरुवातीला बदलून टाकणे हिताचे असते. खाडीतून परतल्यावर इंजिनात गोडे पाणी फिरवणेही तितकेच आवश्यक आहे, कारण आत सुकलेले मीठ पाण्याच्या वाटा बंद करते.

पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण माझ्या इंजिनाला लिटरमागे २० मिलिलिटर इतके आहे आणि ते मी अंदाजाने कधीच घालत नाही. अलीकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि कोकणच्या दमट हवेत टाकी अर्धवट भरलेली राहिली, तर तळाशी पाण्याचा थर वेगळा होतो. म्हणून टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये, आणि इंजिन काही दिवस बंद राहणार असेल तर इंधनाची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. इंजिन सुरू होत नाही अशा ज्या तक्रारी घाटावर ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ इथेच सापडते. याशिवाय वल्ह्यांची जोडी आणि एक लांब बांबू होडीत कायम असावा. वाशिष्ठीत मगरी आहेत; हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी त्या चिखलावर ऊन घेत पडलेल्या सहज दिसतात. अशा पाण्यात रुतलेली होडी ढकलायला उतरण्यापेक्षा ती बांबूने रेटणे किंवा भरती येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे आहे.

पावसाळ्यात होडी पाण्यात ठेवण्याचा विचारही करू नये. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते; घरगुती होडीसाठी हा काळ मी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण शहर बुडवले तेव्हा काठापासून सुरक्षित वाटणाऱ्या जागाही पाण्याखाली गेल्या. त्यानंतर मी होडी घराच्या मागच्या चढावर नेऊन ओंडक्यांवर पालथी घालतो आणि ताडपत्रीखाली बांधून ठेवतो. ती वर चढवायला सहा माणसे लागतात. वाडीतली ही माणसे दरवर्षी न बोलावता येतात, आणि त्यांच्या घरी आजारी माणूस असला किंवा पलीकडच्या तीरावर लग्नकार्य असले की होडी त्यांच्यासाठी निघते. हा व्यवहार मला फार मोलाचा वाटतो. शहरात राहून सुट्टीपुरती नदीवर येणाऱ्या माणसाला तो जमणार नाही, आणि त्यामुळे त्याने अशी होडी घेऊ नये. आठवड्यातून दोन-तीनदा दोर, तळ आणि आत साचलेले पाणी पाहणारा माणूस घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असला, तरच ती टिकते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे आणि इंजिनावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी व तपासणी लागते. महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात चौकशी करावी. इंजिन लावण्यापूर्वीच हे काम हाती घ्यावे आणि खरेदीच्या पावत्या, इंजिनाचा क्रमांक व कारखान्याने दिलेली मोजमापे एकत्र ठेवावीत. बसणाऱ्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असावे आणि ते होडीत पडून न राहता अंगावर असावे. पोहता येणाऱ्यांनाही यात सवलत देऊ नये.

एवढे सगळे करून हाती काय लागते, हेही सांगितले पाहिजे. थंडीतल्या सकाळी, भरती नुकतीच वळलेली असताना, इंजिन बंद करून वल्ह्यांवर नदीकाठच्या करंबवणे गावाकडे निघावे. तिवरांच्या फांदीवर खंड्या बसलेला असतो, वर ब्राह्मणी घारी फिरत असतात, आणि उथळ पाण्यात बोय माशांचा थवा उसळला की चांदीचे तुकडे उडाल्यासारखे दिसते. गळाला एखादी तांबोशी लागली तर घरी आनंद होतो, नाही लागली तरी सकाळ वाया जात नाही. ही नदी रस्त्यावरून कधीच अशी दिसत नाही. केवळ यासाठीसुद्धा मी ही होडी पुन्हा घेईन.

पुन्हा घेताना मात्र कारखान्याला तीन गोष्टी लेखी सांगेन. मागच्या फळीत लाकडाऐवजी पाणी न शोषणारा भराव असावा. तळाच्या मधोमध, जिथे होडी चिखलात बसते तिथे, मॅटचे दोन थर जास्त द्यावेत. आणि पाणी काढण्याचे बूच मागच्या बाजूला सर्वांत खालच्या बिंदूवर बसवावे, कारण माझ्या होडीत ते दोन बोटे वर आहे आणि तेवढे पाणी दर वेळी स्पंजने टिपून काढावे लागते.