क्रूझचं तिकीट खरं होतं, बाकीचं नव्हतं

जहाज खरं होतं, विमानाची तिकिटं खरी होती, व्हिसाही रीतसर मिळाला. म्हणूनच ही फसवणूक लवकर ओळखू येत नाही, आणि म्हणूनच ती आणखी कितीतरी जोडप्यांच्या वाट्याला येईल अशी मला धास्ती वाटते. भूमध्य समुद्रातल्या क्रूझसाठी आपण एजंटला जे पैसे देतो, त्यातले काही जहाज कंपनीला जातात. उरलेले जमिनीवरच्या गोष्टींसाठी असतात: बंदरावरून शहरात नेणारी गाडी, गाइड, प्रवेशाची तिकिटं, टिप, कर. आमचे जहाजाचे पैसे जहाजापर्यंत पोचले. बाकीचे एजंटच्याच खिशात राहिले.

ठाण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्याने सादरीकरण ठेवलं होतं. बटाटेवडे, चहा, पडद्यावर निळा समुद्र, आणि समोर बसलेली बहुतेक निवृत्त किंवा निवृत्तीला आलेली जोडपी. बार्सिलोनाहून निघून नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स, फ्रान्समधलं कान, स्पेनमधलं पाल्मा करत परत बार्सिलोनाला यायचं. दोघांचे मिळून ५ लाख ४० हजार, त्यावर टीसीएस (परदेशी सहलीवर एजंट आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरतो तो कर) वेगळा. बाल्कनीची खोली, तिन्ही इटालियन शहरांत गाडी आणि गाइड, जहाजावरची टिपही त्यातच. "काकू, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी माझ्यावर सोडा." माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी बँकेत गेली. त्याने प्रत्येक रकमेची पावती मागून घेतली, आणि पुढे तक्रार करताना त्याच पावत्या उपयोगी पडल्या.

ही फसवणूक कुठे बसते ते कळण्यासाठी नकाशा उघडायला हवा. क्रूझच्या पत्रकात ज्याला रोम म्हणतात ते बंदर असतं चिवितावेक्किया. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो, आणि तिथून फ्लॉरेन्स सुमारे नव्वद किलोमीटर. उत्तरेकडच्या क्रूझवर पॅरिससाठी जहाज ल आव्रला लागतं आणि बर्लिनसाठी वार्नेम्युंडेला. दोन्हीकडून ती शहरं दोनशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. जहाज कंपन्या बंदराचं खरं नावही छापतात, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. पण जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं, सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी परत चढावं लागतं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. आपण आपले गेलेलो असलो तर थांबत नाही. म्हणजे गाडी वेळेवर आली नाही, की त्या दिवसाचं रोम गेलं.

फसवणुकीची पहिली खूण बुकिंग क्रमांकाची. जहाज कंपनीकडे पैसे भरले की हा क्रमांक लगेच तयार होतो. तो क्रमांक आणि आडनाव टाकलं की कंपनीच्या साइटवर खोलीचा प्रकार, घेतलेल्या सहली, भरलेली टिप, सगळं दिसतं. आमचा एजंट महिनोन् महिने सांगत राहिला, "तो सेलिंगच्या आठवड्यात जनरेट होतो." हे साफ खोटं आहे. क्रमांक हातात आला तेव्हा खोली निघाली आतली, बिनखिडकीची. विचारल्यावर उत्तर तयार होतं: "काका, ही गॅरंटी केबिन आहे, बाल्कनी बोर्डिंगला मिळेल." गॅरंटी केबिनचा खरा अर्थ एवढाच, की घेतलेल्या प्रकारातली किंवा त्याहून वरची कुठलीही खोली कंपनी आपल्या सोयीने देणार. आतल्या खोलीचे पैसे भरले असतील तर आतली खोली नक्की, बाल्कनीची हमी त्यात कुठेच नाही. तोवर व्हिसा लागला होता, पूर्ण पैसे गेले होते, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे त्या टप्प्यावर रद्द केलं तर फारसं काही परत मिळत नव्हतं. क्रमांक उशिरा देण्यामागचा हिशोब हाच.

नेपल्स पहिलं बंदर. हातात एजंटच्या लेटरहेडवरचं व्हाउचर: साडेआठला बंदराच्या दारात नावाची पाटी घेतलेला ड्रायव्हर, पॉम्पेई, इंग्रजी गाइड, प्रवेश समाविष्ट. पाट्या पुष्कळ होत्या, आमची नव्हती. एजंटला मेसेज केले. "ट्रॅफिकमध्ये आहे काकू, पाच मिनिटं." मग, "त्याचा फोन लागत नाहीये." मग निळ्या खुणा दिसायच्या आणि उत्तर नाही. उन्हात उभं राहून नवऱ्याचे पाय सुजले. मी परत जहाजावर जाऊन सहलींच्या काउंटरवर व्हाउचर दाखवलं. तिथल्या मुलीने आमच्या खोलीचं खातं उघडून दाखवलं: एकही सहल नाही, टिपही भरलेली नाही. टिपेची रक्कम रोज खात्यावर चढत होती आणि शेवटी आमच्या कार्डावरून गेली.

त्या व्हाउचरवर एक गोष्ट नव्हती, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. रोमच्या कोलोसियमची तिकिटं ऑक्टोबर २०२३पासून नावाची असतात, दारात ओळखपत्राशी नाव जुळवून पाहतात. पॉम्पेईलाही नोव्हेंबर २०२४पासून तीच पद्धत आहे आणि दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा. म्हणजे प्रवेश खरोखर काढलेला असेल तर तुमच्या नावाचं तिकीट असतंच. "एन्ट्री इन्क्लुडेड" अशी नुसती ओळ म्हणजे काहीच नाही.

चिवितावेक्कियालाही कोणी आलं नाही. दाराबाहेर मात्र "रोमा, रोमा" करत घोळका होता, आणि आम्ही गोंधळलेलो दिसल्यावर भाव आमच्या तोंडाकडे बघून वाढत गेला. एका स्पॅनिश जोडप्यामागे आम्ही बंदराच्या फुकट बसने लार्गो देल्ला पाचेला गेलो, तिथून स्टेशनवर, आणि साध्या लोकलने तासाभरात रोमला. भाडं माणशी पाच युरोंच्या आसपास! गाडी रोमा सान पिएत्रोला थांबते, तिथून सेंट पीटर्स चौक चालत गाठता येतो. २०२५ हे कॅथलिक चर्चचं ज्युबिली वर्ष, माणसांचा पूर लोटलेला. कोलोसियम बाहेरूनही पाहणं झालं नाही, परतीच्या गाडीची भीती होती. ज्यासाठी एजंटने तिन्ही बंदरांचे मिळून ६८ हजार लावले होते, त्यातलं रोम इतक्या थोड्यात होण्यासारखं होतं, याचा मला अजून संताप येतो. लिव्होर्नोला आम्ही उतरलोच नाही.

हे ६८ हजार त्याने वेगळ्या खात्यात घेतले होते. फर्मचं चालू खातं नव्हे, कुणा माणसाच्या नावाचं बचत खातं. "तिकडच्या पार्टीला युरो लगेच पाठवावे लागतात," असं कारण. कुठलाही एजंट असं खातं देत असेल तर पैसे भरू नका.

आणि टीसीएस. परदेशी सहलीच्या पॅकेजवर आम्ही भरलं तेव्हा, २०२५-२६मध्ये, १० लाखांपर्यंत ५ टक्के दर होता. आमचे २७ हजार. हा कर एजंटचा नसतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो, पॅनवरच्या कराच्या नोंदपत्रकात (आमच्या वेळी फॉर्म २६एएस) दिसतो, आणि विवरणपत्र भरताना आपल्या करातून वजा होतो किंवा परत मिळतो. एजंटने त्याचं प्रमाणपत्र (आमच्या वेळी फॉर्म २७डी) द्यायचं असतं. आम्ही पैसे जूनमध्ये भरले, म्हणजे नोंद जुलैच्या तिमाही विवरणानंतर दिसायला हवी होती. गणपती झाले, दसरा झाला, २६एएस कोराच. सीएने सांगितलं, बरेच प्रवासी ही नोंद कधी बघतच नाहीत. आपण बघत नाही म्हणूनच हे चालतं.

परत आल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, वकिलाची नोटीस पाठवली. तेव्हा एजंटचा फोन आला: पैशांऐवजी दुबई क्रूझसाठी क्रेडिट नोट देतो, तक्रार मागे घ्या. आम्ही नाही म्हणालो. आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सॲपचे संभाषण पुसू नका. "पाच मिनिटं" वाले ते मेसेज आमच्या तक्रारीला जोडलेले आहेत.

त्याच एजंटचं पुढच्या उन्हाळ्याच्या गटासाठी सादरीकरण नुकतंच झालं, असं ओळखीतून कळलं. त्या हॉलमध्ये बसलेलं कोणी हे वाचत असेल तर बुकिंग क्रमांक आजच मागा, जहाज कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा, आणि तो मिळेपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका. तक्रारीचा मसुदा हवा असेल तर मी पाठवते.