आयला नावाची आई

गेल्या डिसेंबरात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रात्री दोन-अडीचला तिचं पाजून झालं की नातीला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम माझं. त्यानंतर मला काही झोप लागत नसे. म्हणून लेकीनं तिच्या आवडीचं पुस्तक माझ्यासाठी ऑनलाइन मागवलं: जीन ऑएल यांचं ‘द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर’. विकणाऱ्यानं पाठवला मालिकेतला दुसरा भाग. मला काय पत्ता? मी बसले वाचत. सुरुवातीलाच कळलं की बाईला टोळीनं हाकललंय आणि तिचं पोर मागं राहिलंय. सकाळी लेक कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं आई, हा दुसरा भाग!” पहिला आला आठवड्यानं. म्हणजे शेवट ठाऊक असताना मी तो वाचला. ती पोराला छातीशी घेई तेव्हा दर वेळी माझ्या पोटात कालवायचं.

नायिकेचं नाव आयला. मराठी घरात हे नाव घेऊन कोणी गंभीर राहू शकत नाही. आमचे हे रोज चहाला “आयला, संपलं नाही का अजून?” म्हणायचे.

गोष्ट हिमयुगातली, क्रिमियाकडची. पाच वर्षांची पोर भूकंपात पोरकी होते, गुहेतला सिंह तिची मांडी फाडतो, आणि निअँडरथल (आपल्याहून वेगळ्या, आता नामशेष झालेल्या मानवजातीच्या) टोळीतली औषधं जाणणारी बाई, इझा, तिला उचलून घेते. इझाचा नवरा त्याच भूकंपात गेलेला आणि ती स्वतः पोटुशी. टोळीच्या लेखी ही पोर परक्यांची, म्हणजे आपल्यासारख्या माणसांची, आणि कुरूप: उंच कपाळ, सरळ पाय, डोळ्यांतून पाणी काढणारी. इझा मात्र तिला जखमेवर लेप लावते, कढण पाजते, मुळ्या-पाल्याची ओळख करून देते. शिकारीची वर्णनं पुष्कळ आहेत, पण माझ्या मते माणसं तगतात ती इझाच्या औषधांच्या पोतडीवर. इझाला एक सोनेरी दोऱ्यासारखी वेल माहीत असते. ती खाऊन तिनं नकोशा नवऱ्याचं मूल वर्षानुवर्षं राहू दिलेलं नसतं. आपल्या अमरवेलीसारखी वाटली मला. (कुणी करून बघू नका. कादंबरी आहे.)

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात लेबर रूमला सिस्टर होते, त्यामुळे बाळंतपणाचा प्रसंग तपासायच्याच नजरेनं वाचला. आयला जेमतेम अकरा वर्षांची. टोळीप्रमुखाचा मुलगा ब्राऊड तिच्यावर पुन्हा पुन्हा बळजबरी करतो. ती पानं वाचवत नाहीत, आणि शाळकरी मुलीच्या हाती हे पुस्तक देऊ नका असं मी स्पष्टच सांगते. मग कळा. कोवळ्या पोरीच्या हाडात मोठं डोकं अडलेलं, इझा स्वतः आजारी, दोघं हातची जाणार अशी तिची खात्री झालेली. बाईंनी हे नटवलेलं नाही. ऑएल पंचविशीच्या आत पाच लेकरांच्या आई झाल्या होत्या, ते इथं दिसतं. (लिहिण्यासाठी त्या बर्फाच्या गुहेत रात्र काढून आल्या, दगडाची हत्यारं घडवायला शिकल्या. तेही दिसतंच, कधी कधी नको इतकं.)

बाळाला बघून टोळी म्हणते, हे सदोष आहे, टाकून ये. सदोष कशावरून? मान लुळी! मी वाचत होते तेव्हा आमची नात दीड महिन्याची, मानेखाली हात दिल्याशिवाय उचलता येत नव्हती. आपली पोरं मान धरायला तीन-चार महिने घेतात. टोळीला वाटतं पोर जगायचं नाही. पण सात दिवस जगलं तर नाव द्यावंच लागतं, अशी जुनी रीत आहे. आपल्याकडे नाही का, पाचवी पुजेपर्यंत जीव मुठीत असायचा. आयला बाळ घेऊन डोंगरातल्या कपारीत लपते. बाळाचं नाव डर्क. पुढं इझा जाते, त्या दुःखात आयलाचं पाजणं सुटतं, दूध आटतं. मग टोळीतल्या बाकीच्या बाया त्याला पाजतात, त्यात ब्राऊडचीच बायको ओगा. ब्राऊडनं छळलेल्या पोरीचं लेकरू ओगाच्या पदराखाली! अख्ख्या पुस्तकात मला हाच भाग सगळ्यात भारी वाटला.

निअँडरथलांना पूर्वजांच्या आठवणी जन्मतःच असतात, हा भाग शुद्ध कल्पना, पण कथेत चपखल बसतो. गोरी, निळ्या डोळ्यांची आयला मात्र मला खटकली. त्या काळचे युरोपातले आधुनिक मानव सावळे असावेत, असं आता प्राचीन डीएनएवरून म्हणतात. क्रेबच्या, म्हणजे इझाच्या भावाच्या, एका हाताचं आणि एका डोळ्याचं मूळ खरं आहे: इराकातल्या शानिदार गुहेत १९५७ साली सापडलेला, तसाच अधू असून बरीच वर्षं जगलेला निअँडरथल पुरुष. आणि डर्क? पुस्तक १९८० चं. अशी संकरित मुलं खरंच झाली, हे निअँडरथलांच्या डीएनएवरून कळलं २०१० मध्ये, आणि त्या कामाचे प्रमुख स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. माझ्या नातीतही एक-दोन टक्के डर्क असणार.

तक्रारी आहेत. पाचशेच्या आसपास पानं, मुंगीएवढी अक्षरं, मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. वनस्पतींच्या याद्या मी सरळ ओलांडल्या. ब्राऊड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाईटच, त्याला दुसरा रंगच नाही.

टोळी बोलते हातवाऱ्यांनी. डर्क मात्र आईसाठी तोंडानं आवाज काढतो, “मामा”. मराठी कानाला आधी गंमत वाटते. शेवटच्या पानावर ती निघून जाताना तो हीच हाक मारत राहतो, आणि मी नातीला खांद्यावरून खाली ठेवलं नाही, उजाडेपर्यंत.

चुकून आलेला दुसरा भाग परत करायची मुदत केव्हाच टळली. कपाटात पडलाय. कुणाला हवा असेल तर देईन, पण पहिला वाचून झालाय असं सांगितल्यावरच.