बँकेच्या लिलावातला मांजलपूरचा फ्लॅट : वर्षभरानंतर लिहितोय

बरेच जण विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात भाड्याने राहायचो, बजेट ३० लाखांच्या आतलं, आणि त्यात मांजलपूरला टू बीएचके काही बसत नव्हता. मग पेपरात कर्ज थकलेल्या तिथल्याच एका फ्लॅटच्या लिलावाची बँकेची नोटीस दिसली, रिझर्व्ह प्राइस म्हणजे बोलीची किमान किंमत २३ लाख ४० हजार, आणि त्याच बिल्डिंगमधला दुसरा फ्लॅट दलाल ३४ ला सांगत होता. म्हणजे सरळ दहा लाखांचा फायदा असं वाटलं. तो दहाचा आकडा शेवटी किती राहिला ते खाली लिहिलंय, ते नक्की वाचा.

आधी एक सांगतो. नोटीशीत ताबा कुठला लिहिलाय ते सगळ्यात पहिलं बघा, सिंबॉलिक की फिजिकल. सिंबॉलिक म्हणजे बँकेने दारावर कागद चिकटवलाय, आत माणसं राहतायत. आम्ही वाघोडिया रोडवर असा एक बघायला गेलो होतो, याच्यापेक्षाही स्वस्त होता, दार उघडलं तर आत म्हातारे आजोबा आणि दप्तर घेऊन बसलेली नात. बायको जिन्यातच म्हणाली, इथे नको. मीही तोच विचार करत होतो. पैशाच्या हिशोबानेही ते बरोबरच झालं, कारण अशा घराचा ताबा काढायला बँकेला सरफेसीच्या (बँकांच्या कर्जवसुलीचा कायदा) कलम १४ खाली कलेक्टरकडे अर्ज करावा लागतो, मग मामलतदार, पोलीस, तारखा, आणि तोपर्यंत तुमचे पैसे अडकलेले.

मांजलपूरचा फ्लॅट फिजिकल ताब्यातला, बँकेचं कुलूप लावलेलं. बघायला एक दिवस दिला, तोही दोन तास, लाइट कापलेली, मोबाइलच्या टॉर्चवर बघितला. बाथरूमची गळती त्यामुळे दिसलीच नाही, ती नंतर खालच्या काकींनी त्यांच्या छतावर दाखवली. बँकेची ही गोष्ट मला अजिबात आवडली नाही, लोकांचे लाखो रुपये घेता तर दोन तास लाइटची सोय करायला काय हरकत होती?

वकील मात्र चांगले मिळाले, दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाजवळ बसतात. त्यांनी मालकीचा ३० वर्षांचा सर्च काढला, सरसाईवर (गहाण मालमत्तांची सरकारी नोंदणी) दुसऱ्या कुठल्या बँकेचा बोजा आहे का ते बघितलं, आणि कर्जदाराच्या नावाने अहमदाबादच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात, केस आहे का तेही तपासलं. हे शेवटचं कोणी करत नाही आणि तेच महत्त्वाचं, कारण बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला कलम १७ खाली ४५ दिवसांत तिथे जाता येतं आणि तिथे स्टे आला की आपण लटकलो. १५ हजार फी घेतली, एक रुपया वाया गेला असं वाटत नाही.

लिलाव ऑनलाइन. केवायसी, १० टक्के ईएमडी म्हणजे अनामत रक्कम आधी भरायची, मग २५-२५ हजारांनी बोली. सरकारी बँकांच्या मालमत्ता बघायला बँकनेट पोर्टल आहे, तिथे शहर टाकून शोधता येतं, ते सोपं वाटलं. आम्हाला २४ लाख ६५ हजारांना मिळाला. शेवटच्या मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ वाढत जातो, तेव्हा कागदावर आपला शेवटचा आकडा लिहून समोर ठेवा, आम्ही २५ लिहून ठेवला होता.

खरी पळापळ त्यानंतर. २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, आणि उरलेले ७५ टक्के, आमचे १८ लाख ४८ हजार ७५०, विक्री कन्फर्म झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत वाढते, पण बँकेने लेखी दिलं तरच, आणि चुकलात तर भरलेले पैसे जप्त. लोन आधीच मंजूर करून ठेवा हो, बोली लागल्यावर बँकांच्या दारात जाऊ नका. आम्ही दीड महिना आधी फाइल टाकली होती तरी तेराव्या दिवशी पैसे पोचले, त्या तेरा दिवसांत आई रोज देवापुढे बसायची.

आता हिशोब. स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के म्हणजे १ लाख २० हजार ७८५, दस्त बायकोच्या एकटीच्या नावावर केला म्हणून नोंदणीची १ टक्का फी वाचली. सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स ८८ हजार, म्युनिसिपालिटीचा वेरा म्हणजे घरपट्टी ३१ हजार, लाइटबिल १४ हजार. लाइटबिल जुन्या मालकाचं, मी का भरू म्हणून भांडायला गेलो होतो, पण वीज कंपनीच्या नियमात तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्येच सांगितलंय. जसं आहे तसं, जिथे आहे तिथे या नोटिशीतल्या ओळीचा अर्थ हाच. रिपेअरिंग २ लाख १० हजार. वकील धरून एकूण २९ लाख ४४ हजारांच्या आसपास. म्हणजे दहा नाही, साडेचार लाख वाचले, तेही दलालाचा ३४ खरा धरला तर.

तरी मी परत घेईन, आमच्या पगारात या एरियात घर दुसऱ्या कुठल्या रस्त्याने झालं नसतं. पूर्ण प्रकाराला ५ पैकी ३ देतो, एक स्टार लाइटवाल्या प्रकाराचा कापला आणि एक सेल सर्टिफिकेटसाठी (बँकेचा विक्रीचा दाखला) सात आठवडे फिरवलं त्याचा.

जुन्या मालकाच्या नावाने अजून वसुलीवाले येतात, दुसऱ्याही कर्जांचे. मी दस्ताची झेरॉक्स दाराशीच ठेवलीय, ती दाखवतो आणि पाणी विचारतो. आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे, सेक्रेटरीभाई म्हणतात पुढच्या मीटिंगला करू.