तज्ज्ञ साक्षीदाराच्या नावाखाली १,१०,००० रुपये गेले

आधी वकिलाने बुडवलं, मग त्या वकिलाला धडा शिकवतो म्हणणाऱ्याने. दुसऱ्याचा राग जास्त आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिलं थोडक्यात. जमिनीचा दावा खालच्या कोर्टात हरलो. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात. वकीलसाहेबांनी फीचे ३५,००० आणि वर कोर्ट फी, टायपिंगचे म्हणून ४,५०० घेतले. ‘अपील दाखल केलंय, तारीख लागली की कळवतो.’ पुढे कोर्टाच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर नावाने शोधलं तर अपीलच नाही! (तुमच्या वकिलाकडून सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला कोर्टाकडून मिळणारा स्वतंत्र क्रमांक, आजच मागा. देत नसेल तर काय ते समजा.)

ग्राहक आयोगात जावं तर ती वाट सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये बंद केली. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. उरलं काय, तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर कारवाई करू शकणाऱ्या संस्थेकडे, तक्रार, नाहीतर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. आणि वकिलाविरुद्ध उभा राहणारा वकील शोधून बघा एकदा. कोर्टाबाहेरच्या एका टायपिस्टने या गृहस्थांशी गाठ घालून दिली ती नेमकी तेव्हा. कार्डावर ‘कायदेतज्ज्ञ व तज्ज्ञ साक्षीदार’.

त्यांचं म्हणणं असं: डॉक्टरच्या हलगर्जीपणाला दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं, तसं वकिलाच्या हलगर्जीपणाला कायदेतज्ज्ञाचं. मला पटलं. का पटू नये? चुलतभावाची हॉस्पिटलविरुद्धची केस मी जवळून पाहिली होती, तिथे सगळं डॉक्टरांच्या मतावरच अडलं होतं.

‘केस स्टडी’चे १५,००० रोख. अहवालाचे ६०,००० रोख. साक्षीला उभं राहण्याचे ३५,००० आगाऊ, हे मात्र यूपीआयने. पावती मागितली तर ‘साक्षीदाराने पावती दिली तर समोरचा त्याला विकलेला साक्षीदार म्हणेल.’ आहे की नाही उत्तर!

पण ज्या क्षणाने आजही झोप उडते तो वेगळाच. त्यांनी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे नव्या पुरावा कायद्याचं, कलम ३९ छापून आणलं होतं. जुन्या पुरावा कायद्यातलं ४५ ते हेच. फक्त ‘अन्य कोणतंही क्षेत्र’ हे शब्द नवीन आलेत. त्या शब्दांवर पिवळा हायलायटर. मी मात्र ओळ सुरुवातीपासून वाचली. तिथे ‘परदेशी कायदा’ असं होतं. मी विचारलंसुद्धा, ‘साहेब, आपला कायदा तर इथलाच ना?’ ते हसले. ‘म्हणून तर पिवळं केलंय, दादा.’ बरोबर जागी बोट ठेवलं होतं मी! पण समोरचा कलमं पाठ म्हणतोय आणि आपण सातबाराच्या पलीकडे काही वाचलेलं नाही, तर माणूस गप्प बसणारच.

आता ज्या वकीलबाईंकडे केस आहे त्यांनी अहवाल दोन मिनिटं चाळून बाजूला ठेवला. इथला कायदा काय आहे हे न्यायाधीशाला सांगायला साक्षीदार लागत नाही, ते कोर्टाचंच काम. परदेशी कायदा, हस्ताक्षर, अंगठ्याचा ठसा, विज्ञान, अशा गोष्टींना तज्ज्ञ. आणि त्याचंही मत कोर्टावर बंधनकारक नसतं. अमेरिकेत वकिलाविरुद्धच्या दाव्यात दुसरा वकील तज्ज्ञ म्हणून येतो, कारण तिथे ज्युरीतल्या सामान्य माणसांना समजावायचं असतं. माझ्या ६०,००० च्या अहवालात निम्मी पानं तिथल्याच निकालांची छापील कॉपी निघाली. वकालतनाम्यावरची सही तुमची नाही असं म्हणणं असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञ जरूर घ्या. माझ्या भानगडीत लागणार होतं ते निकालाची नक्कल, फी दिल्याचा पुरावा आणि ‘दाखल केलंय’ म्हणणारे व्हॉट्सॲप मेसेज. सगळं घरातच होतं. शिवाय अपील वेळेत झालं असतं तर आपण जिंकण्यासारखे होतो, हेही दाखवावं लागतं. अहवालात त्यावर एक ओळ नाही.

खरं नुकसान पैशांचं नाहीच. अपील बुडालंय हे कळल्यावर लगेच विलंबमाफीच्या अर्जासह ते दाखल करायचं असतं. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष अशिलाला नको, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्येच म्हटलंय. पण कळल्यानंतर काय करत होतात, या प्रश्नाला मी काय सांगू? तज्ज्ञाच्या अहवालाची वाट बघत होतो?

साक्षीचा विषय काढल्यावर गृहस्थ आणखी २०,००० मागू लागले, मग फोन बंद. चौकशी केली तर वकिलीची सनदच, म्हणजे परवानाच, नाही. म्हणजे बार कौन्सिलच्या कक्षेत ते नाहीतच. मी विचारलं होतं हो सनदीबद्दल! ‘तज्ज्ञ साक्षीदार वकील नसलेलाच बरा, निःपक्ष वाटतो.’ सनद नंबर घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि रोख तर कोणालाच नको.

पोलीस ठाण्यात तर कहरच. ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे.’ ‘अहवाल दिला ना त्यांनी? मग फसवणूक कसली?’ एक म्हणाला, रोख दिल्याचा पुरावा आणा; दुसरा म्हणाला, यूपीआयचे तर तुम्हीच पाठवलेत. म्हणजे रोख दिले तरी आमचीच चूक, खात्यातून दिले तरी आमचीच! टायपिस्टला बोलावून दोन प्रश्न विचारायला काय जात होतं? शेवटी हवालदार सल्ला देतो, ‘एखादा चांगला वकील बघा.’

तक्रार घेत नसतील तर वाद घालत बसू नका. लेखी तक्रारीवर पोच घ्या, तीच पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम १७३(४). तिथेही हालचाल नाही तर दंडाधिकारी. अधीक्षकांकडचं माझं पत्र पोचल्याची पावती आलीय, उत्तर नाही. दंडाधिकाऱ्यांपुढचा अर्ज टाईप होतोय. दुसऱ्या टायपिस्टकडे.