ब्यूलमान की व्हीपीएम-बी?

सबसरफेस या डाइव्ह आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच खोल डाइव्ह ब्यूलमान आणि व्हीपीएम-बी या दोन्ही मॉडेलांवर मांडा; शरीरात मुरलेला वायू सुरक्षितपणे बाहेर पडावा म्हणून वर येताना कुठे, किती थांबायचं, ते ही मॉडेलं ठरवतात. पहिला थांबाच वेगळा येतो.

ब्यूलमानचं झेडएचएल-16सी शरीराचे 16 कप्पे धरतं, प्रत्येक वेगळ्या वेगाने वायू घेणारा आणि सोडणारा. कप्प्यातल्या वायूच्या दाबातून ‘ए’ वजा करायचा, उरलेल्याला ‘बी’ने गुणायचं (‘ए’ आणि ‘बी’ हे त्या-त्या कप्प्याचे ठरलेले आकडे), भोवतालचा दाब त्याखाली जाता कामा नये. ज्या कप्प्याची मर्यादा सर्वांत खोल, तीच सीलिंग, म्हणजे त्याहून वर यायचं नाही अशी खोली. ग्रेडियंट फॅक्टर (मुभेपैकी किती टक्के वापरायची, ते सांगणारे आकडे) 30/70 ठेवले की ती आणखी खाली सरकते.

व्हीपीएम-बीलाही कप्पे आहेत, पण हिशेब सूक्ष्म बुडबुड्यांचा. ते वाढू नयेत म्हणून थांबे खोलवर सुरू. कल्पना देखणी, मात्र तिथे सावकाश भरणारे कप्पे वायू घेतच राहतात. अमेरिकन नौदलाच्या 2011च्या अहवालात खोल थांब्यांच्या 198 डाइव्हमध्ये बेंड्सच्या (शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराच्या) 11 घटना, उथळ थांब्यांच्या 192 मध्ये 3. (तिथलं बुडबुडा-मॉडेल व्हीपीएम नव्हतं, हेही खरं.) माझा कौल ब्यूलमानला.